नॉर्वेचे साहित्य वाचायला कुठून घ्यावे? भांडणापासून घ्या

प्रश्न: वडोदऱ्यातल्या आमच्या हौशी गटाने अनंत काणेकरांच्या 'घरकुल'चे अभिवाचन केले. ते इब्सेनच्या 'डॉल्स हाउस'चे रूपांतर आहे हे कळल्यापासून नॉर्वेचे साहित्य मुळापासून वाचायचे डोक्यात बसले आहे. आधी साहित्याचा इतिहास वाचावा की थेट लेखक? क्रमवार यादी दिलीत तर बरे होईल. मी इंजिनिअर आहे, साहित्याचा विद्यार्थी नाही, आणि नॉर्वेजियन येत नाही.

उत्तर:

यादी देत नाही. बडोद्यात नाटक शिकवताना याद्यांचे काय होते ते मी पुष्कळ पाहिले आहे. विद्यार्थी पहिल्या नावापासून सुरुवात करतो, तेराव्या शतकातल्या सागांमध्ये, म्हणजे जुन्या वीरगाथांमध्ये, कोण कोणाचा मुलगा आणि कोणी कोणाला मारले यात गुरफटतो, आणि इब्सेन यायच्या आत परीक्षा येते. मग जन्मभर 'नॉर्वेचे साहित्य फार जड' असे सांगत फिरतो. साहित्याचे इतिहासग्रंथ वाईट नसतात, पण ते बरेचसे वाचून झालेल्या माणसासाठी लिहिलेले असतात. नवख्याला त्यात नावे आणि सनावळ्याच दिसतात.

मी वेगळे सुचवते. त्या देशातले लेखक एकमेकांवर कशावरून चिडले ते आधी शोधा. प्रत्येक देशात दोन-तीन भांडणे अशी असतात की पिढ्या सरल्या तरी मिटत नाहीत. माणसे बदलतात, मुद्दा तोच राहतो. ती भांडणे हाती लागली की लेखक आपापली बाजू धरून उभे राहतात आणि कोण आधी, कोण नंतर हे पाठ करावे लागत नाही. नॉर्वे या कामाला फार सोयीचा देश. लोकसंख्या आजही पंचावन्न लाखांच्या आसपास, भांडणे मात्र मोठी, आणि भांडणारे बऱ्याचदा एकमेकांच्या नात्यातले.

तुम्ही ज्या नाटकावरून इकडे आलात तेच पुन्हा हातात घ्या, पण नोराकडे, म्हणजे त्यातल्या नायिकेकडे, वळण्याआधी त्याच्या पहिल्या आवृत्तीचे शीर्षकपान पाहा. त्याचे छायाचित्र इंटरनेटवर सहज मिळते. वर नाटकाचे नाव, मध्ये 'तीन अंकी नाटक', मग इब्सेन, आणि सगळ्यात खाली गाव: कोपनहेगन. प्रकाशक ग्युल्डेन्डाल, साल १८७९. पहिला प्रयोगही कोपनहेगनच्याच रॉयल थिएटरात, २१ डिसेंबर १८७९ रोजी. लेखक नॉर्वेचा, नाटक लिहिले इटलीत, छापले आणि पहिल्यांदा केले डेन्मार्कात. हे असे का, एवढा एक प्रश्न घेऊन पुढे चला.

चारशे वर्षांहून अधिक काळ नॉर्वे डेन्मार्कच्या राजाखाली होता. लिहिण्याची भाषा डॅनिश, शिकायला जायचे कोपनहेगनला, पुस्तकेही तिकडेच छापायची. नॉर्वेला स्वतःचे विद्यापीठ मिळाले तेच १८११ साली. नेपोलियनच्या युद्धात डेन्मार्क हरणाऱ्या बाजूला होता, त्यामुळे १८१४ मध्ये त्याला नॉर्वे स्वीडनच्या राजाला द्यावा लागला. मधल्या काही महिन्यांच्या सापटीत नॉर्वेच्या पुढाऱ्यांनी १७ मे रोजी स्वतःची राज्यघटना मंजूर करून घेतली. स्वीडनपासून पुरते सुटायला मात्र १९०५ उजाडले. म्हणजे १८१४ साली घटना हातात, बोली दर खोऱ्यात निराळी, आणि लिहायला बसले की डॅनिश.

बडोद्याच्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. आपले महाराज मराठी, प्रजा गुजराती. आजही दांडिया बाजारातल्या मराठी घरात आजीशी बोलायची भाषा एक, भाजीवाल्याशी दुसरी, आणि नोकरीचा अर्ज तिसरीत. नॉर्वेचे पहिले भांडण पुण्याच्या वाचकापेक्षा आपल्याकडच्या मुलांना लवकर कळते, हे मी वर्गात अनेकदा अनुभवले आहे.

ते भांडण दोन कवींचे, हेन्रिक वेर्गेलान आणि योहान सेबास्टियन वेल्हावेन. दोघे समवयस्क, दोघे धर्मगुरूंचे मुलगे, दोघेही क्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ऑस्लोच्या, विद्यापीठातले. वेर्गेलानचे म्हणणे असे की देश सुटला तर भाषाही सुटली पाहिजे, आणि तो बोलीतले शब्द बेधडक कवितेत आणू लागला. वेल्हावेनचे म्हणणे, डॅनिश संस्कृतीतून जे आले ते फेकून दिलेत तर हाती नुसता आरडाओरडा उरेल. १८३० च्या दशकात दोघांनी एकमेकांच्या कवितेची जाहीर चिरफाड केली आणि शिकलेली सगळी मंडळी दोन तटांत वाटली गेली. वेर्गेलान नुसता भाषेचा झेंडेकरी होता असे मात्र समजू नका. ज्या घटनेचा त्याला अभिमान, तिच्याच दुसऱ्या कलमात ज्यूंना देशात यायला बंदी होती. ती उठवण्यासाठी त्याने कविता लिहिल्या, संसदेकडे प्रस्ताव धाडले. १८४५ मध्ये सदतिसाव्या वर्षी तो गेला, बंदी उठली १८५१ मध्ये. त्याच्या थडग्यावरचे स्मारक स्वीडनमधल्या ज्यूंनी उभारलेले आहे.

या भांडणात तिसरे माणूस होते आणि माझ्या मते ते दोघांपेक्षा वाचनीय आहे. वेर्गेलानची धाकटी बहीण कामिला. तिचे मन बसले ते नेमके भावाच्या वैऱ्यावर, वेल्हावेनवर. लग्न जुळले नाही. पुढे तिने पेटर योनास कोलेट यांच्याशी लग्न केले, १८५१ मध्ये ती विधवा झाली, पदरात चार मुलगे. १८५४-५५ मध्ये तिने नाव न लावता दोन भागांत कादंबरी छापली. इंग्रजीत ती 'द डिस्ट्रिक्ट गव्हर्नर्स डॉटर्स' म्हणून मिळते. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याच्या घरच्या मुली, त्यांना उजवायची आईची घाई, आणि ज्या मुलीला स्वतःचे मन कळले आहे तिनेच ते बोलून दाखवायचे नाही असा दंडक. नॉर्वेची पहिली आधुनिक कादंबरी हीच मानतात. तीत कोणी धाडकन दार लावून निघून जात नाही. मुलगी न शोभणाऱ्या माणसाच्या घरी नांदायला जाते, आणि ते वाचवत नाही. उतारवयातल्या कामिलाबाईंना इब्सेनने पत्र लिहून त्यांच्या लेखनाचा आपल्यावरचा प्रभाव कबूल केला होता. नोराला समजून घ्यायचे तर ही कादंबरी आधी वाचा. पहिली पन्नास-साठ पाने रेंगाळतात, तेवढी सोसा.

आता एक वही करा. पानावर सहा रकाने: साल, पुस्तक, लेखक तेव्हा कुठे राहत होता, पुस्तक कुठे छापले, कोण चिडले, आणि त्या सुमारास मराठीत काय चालले होते. शेवटचा रकाना गाळू नका, सगळ्यांत जास्त तोच शिकवतो. कामिला कोलेटच्या ओळीत तिथे येईल बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन', १८५७. आपली पहिली कादंबरी, तीही बायकांच्या हालांवर. दोन भाषा, एकमेकींची वार्ताही नाही, आणि दोन-तीन वर्षांच्या अंतराने कादंबरीने पहिले पाऊल टाकले ते त्याच उंबऱ्यावर.

भाषेच्या भांडणाची दुसरी फेरी कवींनी नाही, गोळा करणाऱ्यांनी खेळली. पेटर क्रिस्टेन अस्ब्यर्नसेन आणि यर्गेन मू या दोन मित्रांनी लोककथा जमवून १८४१ ते १८४४ मध्ये छापल्या. कथा छापायची तर सांगणाऱ्याची ढब राखायला हवी, आणि ती डॅनिशमध्ये बसेना. मग त्यांनी डॅनिशलाच आतून वाकवले. त्याच वेळी पश्चिम किनाऱ्यावरचा एका शेतकऱ्याचा मुलगा, ईवार ओसेन, १८४२ पासून चार वर्षे गावोगाव हिंडून बोली टिपत होता. त्याचे व्याकरण १८४८ चे, शब्दकोश १८५० चा. त्याने म्हटले, डॅनिशला वाकवायचे कशाला, या बोलींतूनच नवी लेखी भाषा उभी करू. आणि केली. १८८५ मध्ये संसदेने तिला डॅनिश वळणाच्या भाषेच्या बरोबरीचा दर्जा दिला. आज नॉर्वेजियनची दोन अधिकृत लेखी रूपे आहेत, बूकमोल आणि नीनोर्स्क. ओसेनच्या नीनोर्स्कमध्ये शाळा शिकणारी मुले साधारण दहांत एक. मराठीच्या रकान्यात इथे मोल्सवर्थ लिहा: कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची, करणारा कंपनी सरकारच्या फौजेतला इंग्रज अधिकारी. तिकडे शेतकऱ्याचा मुलगा, इकडे गोरा कॅप्टन. या फरकावर मला एकेकाळी लेख लिहायचा होता.

भाषेला तूर्त बाजूला ठेवू, कारण इब्सेनचे भांडण वेगळे आहे आणि तिथे रेंगाळायला हवे.

इब्सेन १८२८ मध्ये स्कीन गावात जन्मला. बापाचे दिवाळे निघालेले. पोरगा पंधराव्या वर्षी ग्रिमस्टाडला औषधांच्या दुकानात उमेदवारीला लागला. १८५१ पासून बेर्गेनच्या आणि नंतर क्रिस्तियानियाच्या नाटकगृहात त्याने पडेल ते काम केले. तिथल्या त्या राबण्यातूनच त्याला रंगमंच हाताच्या रेषेसारखा ठाऊक झाला. १८६४ मध्ये तो देश सोडून गेला तो १८९१ मध्ये परतला. सत्तावीस वर्षे! ज्या नाटकांनी नॉर्वेच्या दिवाणखान्यांचे छप्पर काढून आतले दाखवले, ती रोम, ड्रेस्डेन, म्युनिक अशा गावी बसून लिहिलेली आहेत. वहीतला तिसरा रकाना इथे बोलू लागतो.

'डॉल्स हाउस'च्या मागे एक खरी बाई आहे. लाउरा कीलर ही इब्सेनच्या ओळखीची तरुण लेखिका. नवऱ्याला क्षय झाला, त्याला परदेशी हवेला न्यायला तिने त्याच्या नकळत कर्ज काढले, फेडता येईना तेव्हा खोट्या सहीपर्यंत पाळी आली. नवऱ्याला कळल्यावर तो तिला सोडायला निघाला आणि काही काळ तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. इब्सेनची नोरा नवरा-मुलांना सोडून दार लावून निघून गेली. लाउराला नवऱ्याच्याच घरी परतावे लागले. आपले खासगी दुःख नाटकात वापरले याचा सल तिला जन्मभर राहिला. नाटक वाचताना ही दुसरी बाई डोळ्यांपुढे ठेवा, मग तिसरा अंक वेगळा ऐकू येतो.

पहिली आवृत्ती ८,००० प्रतींची निघाली आणि महिन्याच्या आत संपली. नॉर्वे आणि डेन्मार्क मिळून तेव्हा चाळीस लाखांच्या आसपास माणसे, हे लक्षात घेऊन तो आकडा वाचा. जर्मनीत मुख्य भूमिकेतल्या नटीने सांगितले की मुलांना टाकून मी जाणार नाही. त्या काळी जर्मन रंगभूमीवर परक्या लेखकाला हक्कांचे संरक्षण नव्हते, दुसऱ्या कोणी शेवट बदलण्यापेक्षा आपणच बदललेला बरा म्हणून इब्सेनने नाइलाजाने दुसरा शेवट लिहून दिला: नवरा नोराला झोपलेल्या मुलांच्या दाराशी ओढत नेतो आणि ती तिथेच कोसळते. या शेवटाला त्याने स्वतःच रानटी अत्याचार म्हटले होते. आपल्याकडे रूपांतरकारांनी नोराचे काय केले हे तपासताना हा जर्मन शेवट हाताशी असू द्या. तुमच्या गटात यावर एक संध्याकाळ सहज जाईल.

दोन वर्षांनी 'घोस्ट्स' आले. वहीतली ती ओळ अशी दिसेल: साल १८८१, लेखक रोममध्ये, छपाई कोपनहेगनला, प्रती १०,०००, आणि चिडले कोण, तर जवळजवळ सगळे. बापाच्या बाहेरख्यालीपणाचा रोग मुलाच्या रक्तात, आणि हे सगळे झाकून ठेवणारी आई. दुकानदारांनी प्रती परत पाठवल्या, स्कँडिनेव्हियातल्या मोठ्या नाटकगृहांनी दार लावून घेतले. पहिला प्रयोग झाला तो १८८२ मध्ये थेट अमेरिकेत, शिकागोला, तिथे जाऊन राहिलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांपुढे. मराठीच्या रकान्यात ताराबाई शिंदे: 'स्त्री-पुरुष तुलना', १८८२. बापये मोकळे आणि डाग बाईला, हाच जाब. बुलढाण्याच्या ताराबाईंनी इब्सेनचे नाव ऐकले असण्याचा संभवच नाही. मला इथे प्रभाव वगैरे काही सिद्ध करायचे नाही. भांडणे अशी एका वेळी उगवतात, एवढेच दिसते.

आणि 'आंधळ्यांची शाळा'. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेने केलेले हे नाटक इब्सेनवरून आहे असे आपल्याकडे बिनदिक्कत सांगितले जाते. श्री. वि. वर्तकांनी ते ब्यर्नसनच्या 'अ गाँटलेट'वरून घेतले. ब्यर्नस्टर्न ब्यर्नसन म्हणजे इब्सेनचा समकालीन, मित्र, आणि मधली बरीच वर्षे अबोला. नॉर्वेचे राष्ट्रगीत त्याचे, १९०३ चे नोबेल त्याला, सभा गाजवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. १८८३ च्या या नाटकात नायिका विचारते की लग्नाआधी मुलीने जसे राहावे असे पुरुष म्हणतात, तसे ते स्वतः राहतात का? यावरून नॉर्वेत वर्षानुवर्षे जुंपली. ब्यर्नसन म्हणे दोघांनी सारखे संयमात राहावे. क्रिस्तियानियातले तरुण बंडखोर म्हणत दोघांनी सारखे मोकळे व्हावे. त्यांच्यातल्या हान्स येगरची कादंबरी १८८५ मध्ये जप्त झाली आणि त्याला तुरुंगात जावे लागले. इब्सेन मात्र तोडगा देत नाही, प्रश्न टाकून निघून जातो. म्हणून इब्सेन आज टिकला आणि ब्यर्नसनची नाटके धुळीत गेली असे मला वाटते, पण तुम्ही दोन्ही वाचून ठरवा. शेवटी इब्सेनचा मुलगा आणि ब्यर्नसनची मुलगी यांचे १८९२ मध्ये लग्न झाले आणि दोघे एकमेकांचे व्याही झाले. या दोन नावांची गल्लत होते ती बहुधा त्यामुळे नाही, पण लक्षात ठेवायला बरे.

याच भांडणातली अमालिए स्क्राम सुटता कामा नये. बेर्गेनची. तिची 'कॉन्स्टन्स रिंग' १८८५ ची, आणि वेड्यांच्या इस्पितळातल्या स्वतःच्या अनुभवावरची 'प्रोफेसर हिएरोनिमस' १८९५ ची. लाउरा कीलरचे काय झाले ते नुकतेच वाचलेल्या माणसाला ही दुसरी कादंबरी अंगावर येते.

तिसरे भांडण विसाव्या शतकातले आणि ते दोन पदकांतून सांगता येते. क्नुट हाम्सुनला १९२० मध्ये नोबेल मिळाले, सिग्रिड उंडसेटला १९२८ मध्ये. जानेवारी १९४० मध्ये रशियाने फिनलंडवर हल्ला केलेला असताना उंडसेटने आपले पदक फिनलंडच्या मदतीला देऊन टाकले. एप्रिलमध्ये जर्मन नॉर्वेत शिरले, तिचा थोरला मुलगा लढाईत पडला, आणि ती स्वीडन, रशिया, जपान असा वळसा घालून अमेरिकेला पोचली. हाम्सुनने १९४३ मध्ये आपले पदक हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याला भेट दिले. ७ मे १९४५ रोजी, जर्मनीच्या शरणागतीच्या वेळी, त्याने वर्तमानपत्रात हिटलरवर गौरवाचा मृत्युलेख छापला. वय पंच्याऐंशी. युद्धानंतर डॉक्टरांनी त्याची मानसिक शक्ती कायमची दुबळी झाल्याचे ठरवले आणि खटल्यात त्याला जबर दंड झाला. १९४९ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्याने आपल्या नजरकैदेवर 'ऑन ओव्हरग्रोन पाथ्स' लिहिले. ते वाचून कोणालाही विचारावेसे वाटेल की हा माणूस कोणत्या बाजूने दुबळा होता?

नॉर्वे आजही या प्रश्नाशी झगडतो. २००९ मध्ये हाम्सुनच्या जन्माला दीडशे वर्षे झाली तेव्हा हामारयला त्याच्या नावाचे केंद्र उभे राहिले, आणि त्यावरूनही वाद झाले. 'हंगर' (१८९०) वाचू नका असे मी कधीच सांगणार नाही. उपाशी पोटी क्रिस्तियानियाच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या त्या लेखकाने अर्ध्या युरोपची कादंबरी बदलली. पण त्याच्या शेजारी उंडसेटची 'क्रिस्टिन लाव्हरान्सडाटर' ठेवा. तीन भाग, १९२० ते १९२२, चौदाव्या शतकातला नॉर्वे, एका बाईचे बालपणापासून मरणापर्यंतचे आयुष्य. एकदा शिरलात की सुट्टी संपेपर्यंत बाहेर येणार नाही.

आता कोपनहेगनच्या छापखान्याचे काय झाले ते. इब्सेन, ब्यर्नसन, लिए आणि शिएलान, ज्यांना नॉर्वेत चार थोर म्हणतात, ते सगळे ग्युल्डेन्डालच्या डॅनिश पेढीकडे होते. त्यांच्या पुस्तकांचा पैसा वर्षानुवर्षे डेन्मार्कात जात होता. १९२५ मध्ये नॉर्वेत वेगळी ग्युल्डेन्डाल कंपनी काढून हे हक्क विकत घेऊन परत आणले, आणि त्यात हाम्सुनने स्वतःचा पैसा घातला. देश १९०५ मध्ये स्वतंत्र झाला, पुस्तके वीस वर्षांनी. साहित्याच्या इतिहासात हा व्यवहार दोन ओळींत उरकतात. मी मात्र इंजिनिअर वाचकाला तो आवर्जून सांगते, कारण पैसा कुठून कुठे गेला हे पाहिल्याशिवाय कोणतेही यंत्र कळत नाही.

दुसरा व्यवहार १९६५ चा. सरकारने ठरवले की नॉर्वेजियनमध्ये निघणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नव्या साहित्यकृतीच्या हजार प्रती घ्यायच्या आणि देशभरच्या सार्वजनिक ग्रंथालयांत वाटायच्या. आकडे पुढे बदलले, योजना चालू आहे. शिवाय पुस्तकांवर मूल्यवर्धित कर नाही. पहिलाच कवितासंग्रह काढणाऱ्या पोराचीही काही शे पुस्तके अशी आधीच खपलेली असतात. एवढ्याशा देशात एवढे लेखक कसे, याचे निम्मे उत्तर इथे आहे. बडोदेकरांना या कल्पनेचे नवल वाटू नये. सयाजीरावांनी दोन लाख रुपये बाजूला काढून त्याच्या व्याजातून मराठी आणि गुजराती पुस्तके सिद्ध करवली, तीच श्री सयाजी साहित्यमाला. १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून गावोगाव ग्रंथालये आणि फिरत्या पेट्या सुरू केल्या. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातली काचेची जमीन बघायला लोक जातात. पुस्तक लिहवून घेणे आणि ते खेड्यापर्यंत पोचवणे ही दोन्ही टोके एकाच माणसाने धरली होती, ते कोणी बघत नाही. संस्थान विलीन झाले आणि तो ओघ आटला. नॉर्वेत हे काम एका राजाच्या मर्जीवर नव्हते.

जुन्या काळाचे थोडक्यात उरकते. सागा वाचायच्याच असतील तर शेवटी वाचा. नॉर्वेच्या राजांचा इतिहास लिहिणारा स्नोरी स्टुर्लुसन हा आइसलँडचा, १२४१ मध्ये नॉर्वेच्याच राजाच्या माणसांनी त्याला ठार केले, आणि त्याचा ग्रंथ कोणाचा यावर दोन्ही देश हक्क सांगतात. नाटककार होल्बर्गचेही तसेच, बेर्गेनला जन्मला, कोपनहेगनला जगला, डेन्मार्क त्याला आपला म्हणतो आणि नॉर्वेही. त्याचे 'येप्पे ऑन द हिल' मात्र गंमत म्हणून आजच वाचले तरी चालेल.

एक भांडण इतिहासाच्या जुन्या पुस्तकांत सापडतच नाही. नॉर्वेच्या उत्तरेला सामी लोक राहतात, त्यांची भाषा वेगळ्याच कुळातली. ज्या काळात नॉर्वे डॅनिशच्या दडपणातून सुटायला धडपडत होता, त्याच काळात तो सामी मुलांना शाळेत त्यांची भाषा बोलू देत नव्हता. नील्स-अस्लाक वाल्केआपाने सामीत लिहिलेल्या कवितांना १९९१ मध्ये नॉर्डिक कौन्सिलचा साहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा हे भांडण सगळ्यांपुढे आले. छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या तेजगढला गणेश देवींच्या पुढाकाराने उभी राहिलेली आदिवासी अकादमी पाहिली नसेल तर पाहून या; बडोद्याहून एका दिवसात होते. तिथल्या राठवा आदिवासींच्या भाषेत आपण बडोदेकरांनी आजवर काय वाचले, हा प्रश्न परतीच्या वाटेवर पडेल.

अनुवादांबद्दल. इब्सेनची विल्यम आर्चरने केलेली जुनी इंग्रजी भाषांतरे हक्कमुक्त आहेत, फुकट मिळतात, पण इंग्रजी शंभर वर्षांपूर्वीचे आहे. पहिल्या वाचनाला चालतील, अभिवाचनाला नवे भाषांतर बरे. 'हंगर' स्वेरे लिंगस्टाडच्या भाषांतरात घ्या; १८९९ च्या पहिल्या इंग्रजी भाषांतरात त्या काळच्या सोवळेपणाने काही मजकूर गाळलेला आहे. 'क्रिस्टिन' टीना नननलीच्याच भाषांतरात वाचा. जुन्यात भाषांतरकाराने मुद्दाम प्राचीन थाटाचे इंग्रजी घातले आहे आणि उंडसेट तशी लिहीत नाही. लोककथांचे १८५९ चे डेसेंटचे भाषांतर फुकट मिळते आणि अजून ताजे वाटते. नीनोर्स्कची चव इंग्रजीतून कितपत लागते हा वादाचा मुद्दा, तरी टार्येई वेसोसची 'द बर्ड्स' आणि 'द आइस पॅलेस' वाचा. आडव्यातिडव्या वाक्यांचा सोस नाही, माणसे कमी बोलतात, बर्फ फार.

वर्षभरात एवढे झाले तरी खूप. कामिला कोलेट, इब्सेनची तीन-चार नाटके, ब्यर्नसनचे एक, स्क्राम, मग हाम्सुन आणि उंडसेट जोडीने, शेवटी वेसोस. अडलात तर पुस्तक सोडा, वही सोडू नका.

गटासाठी पुढचे नाटक हवे असेल तर युन फोस्से घ्या, २०२३ चे नोबेल मिळालेला. तोही नीनोर्स्कमध्येच लिहितो. त्याचे 'समवन इज गोइंग टू कम' तीन पात्रांचे आहे: तो, ती, आणि एक पुरुष. समुद्राकाठचे जुने घर, एकांत हवा म्हणून आलेले जोडपे, आणि कोणीतरी येणार ही धास्ती. वाक्ये तीन-चार शब्दांची, तीच पुन्हा पुन्हा येतात. कागदावर काहीच नाही असे वाटते, मोठ्याने वाचले की कळते. नेपथ्याचा खर्च नाही. घरच्या घरी वाचायला हरकत नाही, पण मराठीत भाषांतर करून तिकीट लावणार असाल तर तालमी सुरू करण्याआधी हक्कांसाठी पत्र लिहा. इब्सेनला विचारावे लागत नाही, फोस्सेला लागते, आणि उत्तर यायला वेळ जातो.